मावेजाचा लवाद कसा असावा

'लवाद' म्हटलं की मोठ्या कंपन्यांचे वाद आणि निवृत्त न्यायमूर्ती डोळ्यांपुढे येतात. राष्ट्रीय महामार्गात जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या मावेजाचा वाद सोडवणारा लवाद मात्र बहुधा महसूल खात्यातलाच अधिकारी असतो, कित्येकदा खुद्द जिल्हाधिकारी. १९५६च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३-जीनुसार त्याला केंद्र सरकार नेमतं. त्या खुर्चीला काय यायला हवं?

१. किंमत ठरवता यायला हवी. रेडीरेकनर उघडून दर उतरवून घेणं म्हणजे मूल्यांकन नव्हे. तो दर मुळात मुद्रांक शुल्कासाठीचा. शेजारच्या गटाची खरेदीखतं, विहीर, बागायत, रस्त्यामुळे शेताचे दोन तुकडे पडले असतील तर त्याचं नुकसान, हे सगळं पाहावं लागतं. तमिळनाडूतल्या हकीम खटल्यात चौरस मीटरला ४६ ते ८३ रुपयांच्या आसपासचे दर जिल्हाधिकारी-लवादाने कायम केले. जिल्हा न्यायालयाने ते ६४५ रुपयांवर नेले. २०२१ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, लवाद कायद्याच्या कलम ३४खाली न्यायालयाला निवाड्यातली रक्कम बदलता येत नाही. फक्त त्या शेतकऱ्यांच्या वाढीला हात लावला नाही. २०२५मध्ये घटनापीठाने फेरबदलाची वाट किंचित मोकळी केली, तरी ते अपील नव्हे. लवाद चुकला तर पुढे दुरुस्तीला जागा थोडीच.

२. हाताखालच्या माणसाला 'तुमचा दर चुकला' असं लेखी सांगता यायला हवं. मूळ दर अनेकदा प्रांताधिकाऱ्याने ठरवलेला असतो आणि तपासणारा त्याचाच वरिष्ठ. माणूस प्रामाणिक असला तरी हे अवघडच. शिवाय महामार्ग प्राधिकरणाकडे वकील, शेतकऱ्याकडे सातबारा. लवाद कायद्याचं कलम १८ दोघांना समान वागवायला सांगतं.

३. कारणं लिहायला हवीत. 'मूळ दर योग्य असल्याने अर्ज फेटाळण्यात येतो' हा शेरा झाला, निवाडा नव्हे.

४. लवादांच्या पात्रतेची यादी २०१९ साली लवाद कायद्यात घातली आणि २०२१ साली वगळली. त्या यादीचं मला फारसं दुःख नाही. तिच्यातल्या दहा वर्षांच्या वकिलीच्या अटीने जमिनीची जाण येतेच असं नाही. पण निवडणूक, दुष्काळ, पालकमंत्र्यांचा दौरा सांभाळून उरलेल्या वेळात हे काम व्हावं, हे पटत नाही. केंद्राने यासाठी पूर्णवेळ, मूल्यांकनाचं प्रशिक्षण घेतलेले आणि महसूल खात्याबाहेरचे लवाद नेमावेत.

तोवर, ज्यांचे अर्ज पडून आहेत त्यांनी शेजारच्या गटांच्या खरेदीखतांच्या नकला जोडाव्यात आणि प्रत्येक तारखेच्या रोजनाम्याची प्रत मागून घ्यावी.