फुकट म्हणजे मुक्त नव्हे!

माणसाची हालचाल गेममधल्या पात्रात उतरवायला, म्हणजे मोशन कॅप्चरला, पूर्वी खास पोशाख, अनेक कॅमेरे आणि स्टुडिओ लागायचा. आज मोबाईलवरचा व्हिडिओ पुरतो. पात्राचे पाय घसरतात, ती दुरुस्ती हाताने करता येते. खरी मेख परवान्यात आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे ओपनपोझ फुकट मिळते, पण बिगरव्यावसायिक वापरापुरतेच. गेम विकायचा तर वेगळा परवाना घ्यावा लागतो. उलट गूगलचे मीडियापाइप अपाचे परवान्याखाली आणि ब्लेंडर जीपीएलखाली व्यवसायालाही खुले आहे. म्हणून गेम बनवणाऱ्या आपल्या तरुणांना आम्ही सांगतो, आधी परवाना वाचा. साधन हातात आले, पण कष्टाच्या कमाईवर हक्क नसेल, तर आपण पुन्हा दुसऱ्याच्याच शेतात राबतोय!