पडद्याआडची आई

फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांची ‘द सीक्रेट गार्डन’ ही १९११ सालची कादंबरी तुमच्यापैकी काहींनी वाचली असेलच. हिंदुस्थानात पटकीच्या साथीत आईवडील गेलेली मेरी लेनॉक्स इंग्लंडात यॉर्कशरला आतोबांच्या वाड्यात राहायला जाते आणि दहा वर्षं कुलपात असलेली बाग शोधून काढते. सगळ्यांच्या लक्षात राहते ती मेरी, नाहीतर किल्लीची जागा दाखवणारा तो रॉबिन पक्षी. मला मात्र आज बोलायचंय ते आतोबांबद्दल. मि. क्रेव्हनबद्दल.

त्या बागेत त्यांची बायको झाडाच्या फांदीवर बसायची. एक दिवस फांदी मोडली, ती पडली आणि दुसऱ्याच दिवशी गेली. मागे राहिलं तान्हं बाळ, कॉलिन. क्रेव्हननी बागेला कुलूप घातलं, किल्ली मातीत पुरली. इथवर समजू शकतं. पण बाळाचे डोळे हुबेहूब आईचे होते! मग त्या डोळ्यांकडेही बघवेना. बागेला कुलूप लावता येतं, मुलाला कसं लावणार? म्हणून हे गृहस्थ स्वतःच परदेशी भटकत राहिले.

मग माया आटली का? नाही हं. घरी आले की ते मुलाला बघायला जायचे, पण तो झोपलेला असताना. डोळे मिटलेले असताना! मोठा धक्का बसला की मनाचं असं होतं. ज्या गोष्टीने आठवण उसळते, ती टाळली की क्षणभर बरं वाटतं, म्हणून माणूस पुन्हा टाळतो. टाळता टाळता आपलं माणूसच परकं होऊन बसतं.

पण हे कॉलिनला कोण सांगणार? त्याने आपलं आपणच ठरवून टाकलं, ‘मी जन्मलो आणि आई गेली, म्हणून बाबा माझा तिरस्कार करतात.’ त्यात त्या पोराचा काडीचाही दोष नव्हता. तुमच्या ओळखीच्या एखाद्या घरात कुणी गेल्यावर मोठी माणसं अबोल झाली असतील, तर तिथलं पोरही असंच काहीबाही ठरवून बसलेलं असेल. त्याला विचारा जरा.

आणि गंमत बघा, कॉलिनही तेच करतो. त्याच्या खोलीत आईचं हसरं चित्र आहे, त्यावर त्याने रेशमी पडदा सोडलाय. आपण इतके आजारी आणि ही हसते काय? मरून गेलीच कशाला? बापाला मुलाचे डोळे सोसत नाहीत, मुलाला आईचं हसू. पुढे बागेत हिंडूफिरू लागल्यावर एका रात्री तो पडदा बाजूला सारतो आणि तसाच राहू देतो. मला हा प्रसंग बाग सापडण्याहूनही मोठा वाटतो.

शेवटी क्रेव्हन परततात, तेव्हा बागेच्या दारातून एक मुलगा धावत येऊन त्यांच्यावर आदळतो. ते बघतच राहतात. लेखिकेने त्यांना जरा स्वस्तात सोडलंय, असं माझं मत. पण एक गोष्ट तिने लपवली नाही : आपण कोण, हे त्या मुलालाच वडिलांना सांगावं लागतं.