दुखणे अंगावर काढणारे वीर

खेळाच्या मैदानावर कोणाचे हाड मोडले, तर सगळे धावत येतात. त्याला उचलून नेतात, डॉक्टरांकडे पोचवतात, आणि पुढे स्नेहसंमेलनात त्याच्या नावाला टाळ्याही पडतात. परंतु रोज थोडाथोडा झिजणारा खांदा किंवा ओल्या कपड्याने सोलवटलेली मांडी यांची दखल घेण्याची पद्धत नाही. असल्या किरकोळ दुखण्याबद्दल बोलणे खेळाडूला शोभत नाही, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. हा समज नुसता चुकीचा नाही, तो घातकही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मांडण्यासाठी आपल्यापैकी बहुतेकांनी केवळ पडद्यावर पाहिलेल्या एका खेळाचे उदाहरण मी घेत आहे. तो खेळ म्हणजे ड्रॅगन नौकांची शर्यत.

कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना या खेळाबद्दल खास आपुलकी वाटायला हवी. कारण त्याचे नाते जोडले जाते ते एका कवीशी. चीनमधील चू राज्याचा कवी आणि मंत्री छ्यू युआन याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मीलुओ नदीत जीव दिला. त्याला वाचवण्यासाठी कोळी नावा घेऊन धावले, ढोल बडवून त्यांनी मासे पिटाळले आणि त्याच्या देहाला माशांनी तोंड लावू नये म्हणून पाण्यात भात टाकला, अशी दंतकथा आहे. चिनी पंचांगाच्या पाचव्या महिन्यातील पाचव्या दिवशी हा सण येतो. २००९ साली युनेस्कोने त्याला आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. १९७६ साली हाँगकाँगमध्ये परदेशी चमूंना बोलावून शर्यती झाल्या आणि तेथून हा सण खेळ म्हणून जगभर पसरला. १९९१ साली त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई क्रीडास्पर्धांत त्याचा समावेश झाला.

आता ही नाव कशी चालते ते पाहू. नेहमीच्या मोठ्या नावेत वीस जण दोन-दोनच्या दहा रांगांत बसतात. पुढे ढोल वाजवणारा, मागे सुकाणू धरणारा. प्रत्येकाच्या हातात एकच पाते असलेले छोटे वल्हे असते. येथेच या खेळाचे मर्म आहे आणि दुखण्याचे मूळही आहे. आपल्याला ठाऊक असलेल्या कित्येक होड्यांत वल्हे नावेच्या कडेला खुंटीत अडकवलेले असते आणि बराचसा भार ती खुंटी सोसते. ड्रॅगन नौकेत तशी खुंटी नाही. तेथे खुंटीचे काम वल्हवणाऱ्याच्या खांद्याला करावे लागते.

थोडा हिशेब करा. मिनिटाला साठ फटके हा काही फार मोठा वेग नव्हे. शर्यतीत तो याहून वाढतो. एका दिवसाच्या सरावात प्रत्यक्ष वल्हवणे पाऊण तास झाले असे धरले, तरी फटके होतात २,७००. आठवड्यातून चार दिवस सराव केला तर १०,८००. प्रत्येक फटक्यात कमरेतून पुढे वाकायचे, धड पिळायचे, वरचा हात डोक्याच्या उंचीला न्यायचा, पाते पाण्यात रोवायचे आणि सारा देह मागे खेचायचा. आणि हे सर्व बहुधा एकाच बाजूने, कारण डावीकडे बसणारा डावीकडेच बसतो आणि उजवीकडचा उजवीकडे. आपण दहा हजार वेळा एकाच अंगाने पाणी शेंदले, तर दुसरे अंग तक्रार करणार नाही का?

म्हणून या खेळाडूंची दुखणी ठरलेली असतात. पहिले खांद्याचे. हात वर गेला की खांद्याच्या सांध्यातील कंडरा हाडाखाली चेपली जाते आणि पुन्हा पुन्हा चेपली गेली की सुजते. दुसरे कमरेचे, कारण वाकणे आणि पिळणे या दोन्ही क्रिया पाठीला एकाच वेळी कराव्या लागतात. तिसरे मनगटाचे. वल्हे घट्ट आवळून धरल्याने अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या कंडरांवर ताण येतो आणि मग पाण्याचा तांब्या उचलतानाही कळ येते. यांपैकी एकही दुखणे एका दिवसात होत नाही. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, पण कंडरांना त्यासाठी कितीतरी जास्त काळ लागतो. खेळाडूला वाटते, आता आपल्यात जोर आला. आणि तो जोर पेलण्याची तयारी कंडरेत अद्याप आलेली नसते. अतिश्रमाच्या इजांचे मोठे कारण या अंतरात आहे.

आणि मग काचण्याचा प्रश्न. त्याबद्दल तर कोणी तोंडच उघडत नाही. नावेतील बैठक म्हणजे एक साधी आडवी फळी. वल्हवणारा नावेच्या कडेला कंबर टेकवून बसतो आणि प्रत्येक फटक्यासरशी त्याचे बूड त्या फळीवर घासते. कपडे पाण्याने आणि घामाने चिंब. कोरड्या कातडीपेक्षा ओलसर कातडीवर घर्षण अधिक होते, शिवाय भिजून ती हुळहुळी झालेली असते. समुद्राचे पाणी असेल तर वाळलेल्या मिठाचे कण वर आणखी घासतात. मग माकडहाडाजवळ, मांड्यांच्या आत, काखेत, मानेपाशी कातडी सोलवटते. तळहाताला फोड येतात. संध्याकाळी आंघोळीचे पाणी अंगावर पडले, की खेळाडूला शर्यतीतले सगळे शौर्य आठवते!

हे हसण्यावारी नेण्याजोगे आहे काय? मला तसे वाटत नाही. सोललेल्या कातडीतून जंतू शिरतात, आणि नदीचे पाणी काही गंगाजळीत साठवलेले तीर्थ नसते. भोवतीची लाली पसरू लागली, पू झाला किंवा ताप आला, तर ते दुखणे किरकोळ राहत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. काखेत काचणारे जीवरक्षक जाकीट माणूस सैल करतो किंवा काढून ठेवतो. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये नॉम पेन्ह येथे टोन्ले साप नदीत सिंगापूरच्या चमूची नाव उलटली आणि पाच जण बुडाले. त्यांच्या अंगात जाकिटे नव्हती. त्यांनी ती का घातली नव्हती हा येथे प्रश्न नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की जाकीट अंगाबरोबर बसते की नाही, ते कुठे काचते, हे विचारणे म्हणजे नाजूकपणा नव्हे. जे काचत नाही तेच अंगावर राहते.

मग खेळाडू बोलत का नाहीत? एक कारण लाज. जखम गुडघ्याला झाली तर ती मिरवता येते. बुडाला किंवा जांघेत झाली तर सांगायची कोणाला? मुलींची तर याबाबतीत अधिकच कुचंबणा होते. दुसरे कारण ढोल. वीस वल्ही एका ठेक्यात पडली तरच नाव पळते. आपल्या एकट्यासाठी ठेका मोडावा असे कोणालाही वाटत नाही. ही भावना उदात्त आहे यात शंका नाही. पण दुखऱ्या खांद्याचा माणूस नकळत फटका आखडता घेतो, दुसऱ्याच अंगावर भार टाकतो आणि ठेका मोडतोच. म्हणजे संघासाठी सोसतो आहे असे समजून तो संघाचेच नुकसान करीत असतो.

यावर कोणी म्हणेल, की हाताला घट्टे पडल्याशिवाय कोणती विद्या येते? सोसल्याशिवाय खेळाडू घडतो का? आक्षेप रास्त आहे. घट्टा म्हणजे शरीराने सावकाश केलेली तयारी. पण फोड ही तयारी नव्हे. घाईघाईने झालेल्या घर्षणाची ती तक्रार आहे. थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो. इजा झोपेने उतरत नाही, दुसऱ्या दिवशी ती त्याच जागी आपली वाट पाहत असते. हा भेद ज्याला कळला त्याने कष्ट खुशाल करावेत.

कष्ट आणि घाई यांतला फरक याच खेळाने जगाला दाखवून दिला आहे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांनी हाताने जोराचे, पुन्हा पुन्हा करावे लागणारे काम करू नये, केल्यास हात कायमचा सुजेल, असे पूर्वी सांगितले जाई. १९९६ साली कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी अशा २४ स्त्रियांना एकत्र केले, आधी व्यायाम देऊन त्यांची तयारी करून घेतली आणि मग त्यांना ड्रॅगन नौकेत बसवले. त्यांपैकी एकीलाही नव्याने ही सूज आली नाही. आज जगभर अशा स्त्रियांचे चमू वल्हवीत आहेत. ज्या खेळात धडधाकट तरुणाचा खांदा निकामी होतो, तोच खेळ शस्त्रक्रियेतून उठलेल्या स्त्रीला मानवतो. त्या स्त्रियांचा भार पायरीपायरीने वाढवला गेला आणि त्यांच्या अंगाची रोज विचारपूस झाली, हे त्याचे कारण असे मला वाटते.

उपाय तरी कोठे अवघड आहेत? सराव हळूहळू वाढवावा. अधूनमधून बाजू बदलावी. हाताने ओढण्यापेक्षा धडाने वल्हवायला शिकावे. फळीवर गादी ठेवावी, काचणाऱ्या जागी व्हॅसलीन लावावे, जाड शिवणीचे सुती कपडे टाळावेत, किनाऱ्यावर येताच गोड्या पाण्याने अंग धुऊन कोरडे कपडे घालावेत. फोड उगाच फोडू नये, झाकून ठेवावा. दुखणे आठवडाभर हटले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. यांत पैशांचा प्रश्न फारसा येत नाही. प्रश्न येतो तो कोणी विचारण्याचा आणि कोणी सांगण्याचा.

आपल्या महाविद्यालयापाशी ड्रॅगन नौका नाही, हे मला ठाऊक आहे. पण कबड्डीपटूचा गुडघा आहे, गोलंदाजाचा खांदा आहे, मल्लखांबावर सोललेली मांडी आहे. आणि ‘काही होत नाही रे, चल!’ हे वाक्य तर प्रत्येक मैदानावर आहे. दुखणे अंगावर काढण्याची आपली परंपरा घरापासून सुरू होते. आजी काढते, आई काढते, आणि आपण त्याला सहनशीलता म्हणून नमस्कार करतो. जिमखान्याच्या भिंतीवर ढाली लटकवण्याची जागा आहे. मग सरावानंतर पाच मिनिटे थांबून ‘कोणाचे काय दुखते?’ एवढे विचारण्याची एक रीत का असू नये? प्रशिक्षकांनी ते विचारावे, कर्णधाराने न लाजता स्वतःपासून सुरुवात करावी, आणि खेळाडूंनी खरे उत्तर द्यावे. आजच्या ढालीसाठी ज्याचा खांदा गेला, त्याला चाळिशीत स्वतःच्या मुलाला उचलून घेता आले नाही, तर त्या ढालीचे मोल काय, याचा विचार आपण साऱ्यांनी करायला हवा.