वेलीच्या पानांचा हिशेब

2001 साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून महाराष्ट्रातील वाइनविषयीची चर्चा परवाने, अबकारी कर आणि दुकाने यांच्याभोवतीच घुटमळत राहिली आहे, आणि 2022 च्या जानेवारीत सुपरमार्केटांतील विक्रीचा निर्णय झाला तेव्हा तर तिला चांगलाच ऊत आला. परंतु वाइनचा दर्जा प्रत्यक्षात जेथे ठरतो त्या वेलीच्या पर्णसंभाराविषयी या गदारोळात कोणी अवाक्षर काढल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

मोझेलसारख्या थंड प्रांतात माळी घडांभोवतीची पाने खुडून त्यांस उन्हात उघडे करतो, कारण तेथे सूर्यच दुर्मीळ. पण हाच उपचार नाशिक, नारायणगाव किंवा अकलूजच्या बागेत बरहुकूम केला, तर फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी उघड्या घडाचे तापमान भोवतालच्या हवेहून कित्येक अंशांनी चढते, मॅलिक आम्ल जळून जाते, काळ्या जातींत रंग धरत नाही, आणि साखर भरपूर पण चव बोथट असा रस हाती येतो. उलटपक्षी पाने मुळीच न काढावीत, तर दाट सावलीत भुरी माजते, रसातील पोटॅशियम व त्यासरशी सामू वाढतो, आणि कॅबरनेसारख्या जातीत हिरव्या मिरचीचा उग्र दर्प रेंगाळतो. म्हणून उष्ण मुलखातील शहाणपण बाजू ओळखण्यात आहे: दक्षिणोत्तर ओळीत सकाळच्या कोवळ्या उन्हाची पूर्वेकडील पाने विरळ करावीत, आणि पश्चिमेकडील पाने दुपारच्या ढालीसाठी राखावीत. बगलफूट काढणे आणि शेंडा मारणे ही कामेही याच नजरेने व्हावयास हवीत. हे काम हातांचे आणि मजुरीचे आहे. जेथे करारनाम्यात भाव केवळ वजनावर आणि साखरेवर ठरतो, तेथे शेतकऱ्याने ही मजुरी का सोसावी? आम्ल आणि सामू यांचीही किंमत करारात लिहिली जावी, हे मला रास्त वाटते.

उन्हाचा हा जाच टाळण्यासाठी थंड डोंगर गाठावा, असे कोणी म्हणेल; म्हणून आता पुणे जिल्ह्यातील भोर-वेल्ह्याविषयी. राजगड-तोरण्याच्या परिसरातील हवा थंड, आणि थंड हवेत वाइन उत्तम होते, एवढ्या भांडवलावर भाताच्या खाचरांवरील वरकस जमिनीत वेल लावण्याचा मोह कोणासही पडावा. परंतु आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, तिच्यातून घड. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत डोळ्यांमध्ये, बागाइतदार ज्यास सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात ती घडते, आणि तिला लख्ख प्रकाश लागतो. भोर-वेल्ह्याच्या या मावळी भागात नेमके याच सुमारास ढग दाटू लागतात, आणि पुढे सारा पावसाळा काडी ओली व पान रोगट राहते. तेव्हा ज्या थंडाव्यासाठी डोंगर हवासा वाटतो, तोच डोंगर पुढील हंगामाचा घड डोळ्यातच मारण्याची शक्यता मोठी. पानांची कितीही निगुतीने विरळणी केली तरी आभाळ विरळ करता येत नाही.

भोर तालुक्याच्या पूर्वेकडे, नसरापूर-कापूरहोळच्या बाजूस पाऊस कमी आहे, तेथील गोष्ट निराळी असू शकेल. 1997 साली स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र मांजरीला, म्हणजे याच जिल्ह्यात आहे. लागवडीच्या कर्जाच्या अर्जावर कोणी सही करण्यापूर्वी त्या केंद्राने पूर्व भोरात काही ओळींची चाचणी-बाग लावून, निदान तीन हंगामांच्या घडांची व रसाची तपासणी जाहीर करावी.