फी भरून पत मिळत नाही

रायपूरमध्ये गुढियारीत राहा की टिकरापाऱ्यात, हा फोन एकदा तरी येतोच: "सर, सिबिल खराब है तो भी कार्ड मिल जाएगा." विदर्भातून रेल्वेत किंवा भिलाईच्या पोलाद कारखान्यात कामाला आलेल्या आपल्या आईवडिलांना असा फोन कधी आला नाही. बँकेने त्यांना गिऱ्हाईकच मानले नव्हते. तो येतो घरातल्या पहिल्या पदवीधराला, आणि तोही एखादा हप्ता चुकल्यानंतर.

हप्ता का चुकतो, हे आपल्याला ठाऊक आहे. शिष्यवृत्ती रखडते. कंत्राटी नोकरी जाते. बापाच्या ऑपरेशनला कार्ड वापरावे लागते. सवर्ण मित्राचा हप्ता चुकायला लागला की काका, मामा, वडिलोपार्जित घर मध्ये उभे राहते. आपल्या मागे कोणी उभे नसते. उलट पगारातून गावी पैसे पाठवायचे असतात. 300 ते 900 मधला तो आकडा जात विचारत नाही, असे मोठ्या अभिमानाने सांगतात. त्याला विचारायची गरजच पडत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची मालमत्ता ज्याच्या पाठीशी आहे, त्याचा हप्ता वेळेवर जातो, आणि मशीन त्यालाच चारित्र्य म्हणते.

हा आकडा आता कर्जापुरताही उरलेला नाही. स्टेट बँकेने खराब क्रेडिट रिपोर्टमुळे एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली आणि जून 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम ठेवला. बँकेच्या परीक्षांसाठी रात्रंदिवस अभ्यास करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी याचा अर्थ नीट समजून घ्यावा. भीती खरी आहे. "स्कोअर दुरुस्त करून देतो" म्हणणारे नेमकी हीच भीती विकतात.

आता हिशेब करू. समजा, कार्डाची मर्यादा 10,000 रुपये. जॉइनिंग फी 1,000, महिन्याची मेंबरशिप 99, आणि दोन्हींवर 18 टक्के जीएसटी. वर्षाला झाले जवळपास 2,580 रुपये. म्हणजे एक कप चहाही न घेता मर्यादेचा चौथा हिस्सा संपला. वर बिल थकले तर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के व्याज, आणि त्या व्याजावरही जीएसटी. गावचा सावकार यापेक्षा वेगळे काय करत होता?

यातली सगळ्यात मोठी फसवणूक अशी की तुम्ही किती फी भरली, हे क्रेडिट रिपोर्टमध्ये कुठेच नोंदले जात नाही. तिथे नोंद होते ती वेळेवर पैसे भरले की नाही आणि मर्यादेपैकी किती वापरले याची. 2,580 रुपये भरणाऱ्याला आणि एक रुपयाही फी न भरणाऱ्याला वेळेवर भरलेल्या बिलाचे सारखेच श्रेय मिळते. उलट पहिल्याच बिलात बसलेली फी मर्यादा खाऊन टाकते, आणि ती भरायची राहिली तर न केलेल्या खरेदीपायी तुम्ही थकबाकीदार ठरता.

अमेरिकेत हा धंदा जुना आहे. तिथे फर्स्ट प्रीमियर नावाच्या बँकेने 79.9 टक्के व्याजाचे कार्ड बाजारात आणले होते. 2009 च्या कायद्याने पहिल्या वर्षाची फी मर्यादेच्या 25 टक्क्यांवर जाऊ नये, असे बंधन घातले. आपल्याकडे असे आकड्यातले बंधन नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांवरचे कार्डाचे व्याज अनुचित ठरवले होते. 20 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकालही रद्द केला.

"पण आम्हाला दुसरे कार्ड देणार कोण?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तर आहे: एफडीवर मिळणारे कार्ड. वार्षिक फी नसलेले, आणि व्यवहार क्रेडिट कंपन्यांना कळवणारे कार्ड विचारून घ्या. दहा हजारांची एफडी तुमचीच राहते, तिच्यावर व्याजही मिळते. कार्डावर महिन्याला हजार-दीड हजारांचा मोबाइल रिचार्ज आणि किराणा घ्या, पूर्ण बिल मुदतीआधी भरा. "मिनिमम ड्यू" भरून थांबू नका. आणि ज्याने अजून कर्जच घेतलेले नाही त्याने मुळीच घाबरू नये. केवळ जुना इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेनेच 2025 मध्ये सांगितले आहे.

आधी रिपोर्ट बघा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. चूक असेल तर तक्रार करा. 30 दिवसांत निवारण झाले नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. न मागता कार्ड पाठवणे नियमबाह्य आहे. कार्ड बंद करायला सांगितल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत बंद झाले नाही आणि काही बाकी नसेल, तर दिवसाला 500 रुपये दंड आहे. बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे जा. 14448 वर फोन करा. यासाठी वकील लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

1875 मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जरोख्यांची कागदपत्रे जाळली. त्या कागदांवर वाचता न येणाऱ्यांचे अंगठे होते. आपल्याला वाचता येते, पण अॅपवर "मी सहमत आहे" दाबताना आपणही अंगठाच उठवतो. ज्या बाबासाहेबांनी 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, त्यांच्या लेकरांनी दरपत्रक न वाचता सही करावी, हे शोभत नाही.

आणि हे एकट्याचे काम नाही. फीला आकड्यातली मर्यादा घाला, ही मागणी आपल्या संघटनांनी रिझर्व्ह बँकेकडे लेखी करावी. तिचे कार्यालय रायपुरातच आहे. तोवर प्रत्येक विहारात एका रविवारी दहा मुलांचे फुकटचे रिपोर्ट उघडून बघावेत. बचत गटाने गरजू मुलाला एफडीसाठी दहा हजार बिनव्याजी द्यावेत, वर्षाने परत घ्यावेत. सवर्ण मित्रामागे जो काका उभा असतो, तो आपल्यासाठी आपल्या समाजालाच व्हावे लागेल.