नाक आपले, मत कोणाचे?

अव्हेंटस नावाच्या पुरुषी अत्तराविषयी सध्या जे पक्ष पडले आहेत, त्यांपैकी प्रत्येकाशी आमचे भांडण आहे. अत्तराशी मात्र नाही. ते अत्तर आम्ही हुंगले आहे आणि आम्हाला ते बरे वाटले. बरे म्हणजे बरे, त्याहून अधिकही नाही आणि उणेही नाही. एवढे साधे विधान करण्याचीही आज चोरी झाली आहे, म्हणून हा लेख.

ज्यांच्या कानावर हे प्रकरण अद्याप गेले नसेल, त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे. पॅरिसच्या क्रीड या घराण्याने हे अत्तर २०१० साली बाजारात आणले. आरंभी अननस, सफरचंद आणि बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचा रसरशीत वास. मागाहून बर्च झाडाच्या लाकडाचा धुरकटपणा. आणि तळाशी कस्तुरीसारखी ऊब व ओकवृक्षावर वाढणाऱ्या, आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफुलाच्याच कुळातल्या वनस्पतीचा रानवट गंध, अशी त्याची ठेवण आहे. फळ आणि धूर यांचा हा संयोग पुरुषांना इतका आवडला, की पाहता पाहता ते एका अत्तराचे नाव न राहता एका दर्जाचे नाव झाले. दर्जाचे म्हणण्याचे कारण त्याची किंमत. सातव्या वेतन आयोगाने २०१६ पासून उच्चश्रेणी लिपिकाचे आरंभीचे मूळ वेतन २५,५०० रुपये ठरविले. अव्हेंटसची शंभर मिलीलिटरची बाटली त्याहून महाग पडते. असे असूनही दिल्लीतल्या आमच्यासारख्यांच्या कचेऱ्यांतून तिची चर्चा नाही असा एकही मजला उरलेला नाही. कोणाचा मेहुणा दुबईहून येतो, कोणी परदेशदौऱ्यावरून परतताना विमानतळावरच्या दुकानात शिरतो, आणि मग जेवणाच्या सुट्टीत डब्यांभोवती वादाला तोंड फुटते.

त्या वादाचा एक प्रसंग आमच्या समोर घडला, आणि त्यात आमची भूमिका स्पृहणीय नव्हती. आमच्या विभागात एक तरुण मराठी सहकारी आहे. एके सोमवारी तो आत आला आणि त्याच्याबरोबर एक सुरेख वास आला. विभागाधिकारी मान वर करून म्हणाले, "वा! अव्हेंटस का?" तो नुसता हसला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तीन दिवस त्याच्या वासाची स्तुती चालली होती. एकाला त्यात राजबिंडेपणा जाणवला, दुसऱ्याला युरोपातील अरण्य दिसले. आम्हीही "फारच उंची हो!" असे उद्गार काढले. चौथ्या दिवशी कोणीतरी खोदून विचारले, तेव्हा त्याने सरळ सांगून टाकले, की हे अव्हेंटस नव्हे. दुबईत तयार होणारे, त्याच वळणाचे, किमतीने दहाव्या हिश्श्याहूनही स्वस्त असे दुसरेच आहे. क्षणभर शांतता पसरली. मग ज्यांना अरण्य दिसले होते तेच गृहस्थ म्हणाले, "तरीच! पहिल्या दिवसापासून मला त्यात काहीतरी रासायनिक वाटत होते." सर्वांनी माना डोलावल्या. त्या मानांत आमचीही मान होती.

त्या दिवसापासून त्या सहकाऱ्याने ते अत्तर लावणे सोडले. पुढे एकदा बसथांब्यावर तो आम्हाला म्हणाला, "वास तर सोमवारपासून गुरुवारपर्यंत एकच होता ना, हो?" आमच्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते.

आता पक्षांकडे वळू. पहिला पक्ष भक्तांचा. त्यांचे म्हणणे असे, की हे अत्तर राजघराण्यांचे. क्रीड घराण्याची स्थापना १७६० सालची. आणि खुद्द नेपोलियनच्या पराक्रमावरून अव्हेंटसची कल्पना सुचली. घराण्याच्या जाहिरातीत हे सारे आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकात क्रीड हे नाव गाजले ते शिंपीकामासाठी, उत्तम बेतलेल्या कपड्यांसाठी. अत्तरांचा आजचा व्यवसाय वाढला तो ऑलिव्हिए क्रीड यांच्या कारकीर्दीत, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. नेपोलियनला स्वतःला प्रिय होते ते कोलोनचे हलके सुगंधी पाणी. धुरकट अननसाशी त्या बिचाऱ्याचा काय संबंध? बरे, घराण्याचा वारसा म्हणावा, तर २०२३ साली ते केरिंग या फ्रेंच उद्योगसमूहाने सुमारे साडेतीन अब्ज युरोंना विकत घेतले, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात त्या समूहाचा सौंदर्यप्रसाधनांचा विभाग क्रीडसह लॉरेआल कंपनीकडे देण्याचा करार जाहीर झाला. व्यापारात यात गैर काही नाही. मात्र जी वस्तू दोन-तीन वर्षांत हिशेबाच्या एका वहीतून दुसरीत जाण्याच्या वाटेला लागते, तिच्यापुढे वंशपरंपरेच्या नावाने हात जोडणे हास्यास्पद आहे.

दुसरा पक्ष हळहळणाऱ्यांचा. त्यांच्या मते अव्हेंटस होते ते पूर्वी. आता त्यात राम राहिला नाही. ही मंडळी बाटलीवरचा उत्पादनाचा अंक पाहतात, अमुक वर्षाच्या घाण्यात धूर अधिक आणि तमुक वर्षाच्या घाण्यात अननस अधिक असे सांगतात, आणि जुन्या बाटल्यांसाठी नव्याहून अधिक दाम मोजतात. यांच्या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. नैसर्गिक द्रव्ये दरसाल सारखी नसतात. शिवाय त्या ओकवरील वनस्पतीच्या अर्कात अ‍ॅट्रॅनॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रॅनॉल ही त्वचेला बाधणारी द्रव्ये असतात. युरोपीय संघाने २०१७ साली त्यांच्यावर बंदी घातली, २०१९ च्या ऑगस्टपासून ती नव्या मालाला लागू झाली आणि २०२१ च्या ऑगस्टपासून दुकानांतील जुन्या मालालाही. तेव्हा ज्या ज्या अत्तरांत तो अर्क होता, त्यांच्या निर्मात्यांना आपापली सूत्रे जुळवून घ्यावी लागली. परंतु अंक वाचल्यानंतर हुंगणे आणि हुंगल्यानंतर अंक वाचणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अंक आधी वाचणाऱ्याला जो धूर हवा असतो तो येतोच. आमचे या पक्षाला एवढेच सांगणे आहे, की अंकावर चिकटपट्टी लावा आणि मग बोला.

तिसरा पक्ष 'अस्सल ते अस्सल' असे म्हणणाऱ्यांचा. आमच्या सहकाऱ्याचा निकाल लावला तो यानेच. दुबईच्या आर्माफ या नाममुद्रेने २०१५ साली क्लब द नुई इन्टेन्स नावाचे जे अत्तर काढले, त्याचे अव्हेंटसशी साम्य जगभर बोलले गेले. तशी इतरही अनेक आहेत. यांना सरसकट चोरी म्हणून झटकणाऱ्यांनी अत्तरांचा इतिहास थोडा पाहावा. क्रीडचे ग्रीन आयरिश ट्वीड १९८५ चे. डेव्हिडॉफचे कूल वॉटर १९८८ चे, आणि ते पियेर बुर्दों यांचे. या दोहोंतील साम्य जाणकारांनी पुष्कळ वर्णिले आहे. गेब ऑपेनहाइम यांच्या 'द घोस्ट परफ्यूमर' या पुस्तकात तर असे प्रतिपादन आहे, की क्रीडच्या कित्येक गाजलेल्या अत्तरांमागे याच बुर्दों यांचा हात होता, आणि श्रेय मात्र घराण्याच्या नावावर जमा झाले. ते प्रतिपादन कोणाला मान्य होवो वा न होवो. ज्या व्यवसायात रचनाकाराचे नाव वर्षानुवर्षे पडद्याआड राहू शकते, तेथे अस्सलपणाची शपथ इतक्या मोठ्याने वाहू नये. नकलेचा धंदा आम्हाला प्रिय आहे असे नव्हे. दुसऱ्याची बाटली, दुसऱ्याचे नाव आणि दुसऱ्याचे चिन्ह लावून विकणारा तो फसवणूक करतो, आणि त्याला शिक्षा झाली पाहिजे. परंतु आपले नाव लावून, आपल्या बाटलीत, त्या वळणाचा वास विकणारा आणि तो उघडपणे विकत घेणारा, हे दोघेही कोणाला फसवीत नाहीत. आमच्या सहकाऱ्याने कोणाला फसविले? फसलो ते आम्ही, आमच्याच कल्पनेने.

चौथा एक पक्ष उरतो, आणि तो आपल्या मंडळींना विशेष मोहात पाडणारा आहे. हे लोक म्हणतात, कशाला पाहिजेत ही विलायती थेरे? आपल्याकडे कनौज नाही काय? कनौज आहे, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. तांब्याच्या देगेत फुले शिजवून त्यांची वाफ चंदनतेलात उतरविण्याची तेथील रीत, भाजलेल्या मातीपासून काढलेले ते पहिल्या पावसाचे अत्तर, हे सारे अद्भुतच आहे. ओडिशात नेमणुकीवर असलेल्या आमच्या बंधूंनी गंजमचा केवडा अवश्य हुंगावा. परंतु या पक्षातील किती जणांच्या घरी मातीच्या अत्तराची कुपी आहे? हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णींच्या हाताला लावण्यापुरते जे अत्तर कपाटातून निघते, तेही आता बहुधा कोठले तरी स्वस्त कृत्रिम तेल असते. न हुंगता केलेली स्वदेशीची स्तुती आणि न हुंगता केलेली विदेशीची स्तुती यांत आम्हाला तरी फरक दिसत नाही.

मग मतभेद असूच नयेत काय? असावेत, किंबहुना असलेच पाहिजेत. निसर्गानेच तशी योजना केली आहे. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या ग्रहणिकांचे सुमारे चारशे प्रकार असतात, आणि कोणत्याही दोन व्यक्तींमध्ये त्यांपैकी सुमारे तीस टक्के ग्रहणिकांचे कार्य वेगळे असते, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. कित्येकांना कृत्रिम कस्तुरीच्या काही द्रव्यांचा वासच येत नाही. तेव्हा एकाला अव्हेंटस दिवसभर दरवळते आणि दुसऱ्याला ते तासाभरात उडून गेलेले वाटते, यात दोघेही खरे बोलत असू शकतात. खेद एवढाच, की हा खरा, नाकाचा मतभेद कोणी मांडतच नाही. जे मांडले जातात ते किमतीचे, अंकाचे, वंशावळीचे आणि अभिमानाचे.

कोणी म्हणेल, एका अत्तरावरून इतका शब्दच्छल कशाला? आम्ही लिपिक आहोत. उत्तर आमच्या मेजावरच आहे. नस्तीवर पहिली टिपणी लिहावयाची ती खालच्याने, आणि निर्णय द्यावयाचा तो वरच्याने, अशी आपल्या कार्यपद्धतीची रचना आहे. यातील शहाणपण उघड आहे: वरच्याचे मत कळण्यापूर्वी खालच्याने वस्तुस्थिती सांगावी. परंतु आपण काय करतो? साहेबांचा कल कोणीकडे आहे याचा आधी कानोसा घेतो, आणि मग त्याला शोभेल अशी वस्तुस्थिती लिहितो. त्या सोमवारी साहेबांनी "अव्हेंटस का?" असे विचारले, तीच आमची टिपणी ठरली. गुरुवारी वारे फिरले, तसे आम्हीही फिरलो. ज्याला शर्टावरचा वास स्वतःच्या नाकाने सांगता येत नाही, त्याने एखाद्या विधवेच्या निवृत्तिवेतनाच्या नस्तीवर निर्भयपणे टिपणी लिहावी, ही अपेक्षा कशी करावी? सवय एकच आहे. ती लहान गोष्टीत मोडली तरच मोठ्या गोष्टीत मोडेल.

म्हणून परप्रांती नेमणुकीवर असलेल्या आमच्या वाचकबंधूंना आमची एक साधी सूचना आहे. तुमच्या महाराष्ट्र मंडळात एखाद्या संध्याकाळी कागदाच्या पट्ट्या कापा, त्यांवर चार-पाच अत्तरे लावा, उंची, स्वस्त, कनौजची, सगळी. नावाऐवजी आकडे घाला, आणि प्रत्येकाला शेजाऱ्याशी न बोलता आपले मत लिहावयास सांगा. नावे आणि किमती सर्वांचे कागद गोळा झाल्यावर वाचा. ज्याला अव्हेंटस आवडेल त्याने ते ऐपत असल्यास खुशाल घ्यावे. आवडीसाठी पैसे खर्च करणे हा गुन्हा नाही. ज्याला स्वस्तातले आवडेल त्याने ते मान ताठ ठेवून लावावे. कोणाला काहीच आवडले नाही, तर त्याने तसे लिहावे. तेही मतच आहे.

आमच्या सहकाऱ्याला जे उत्तर त्या बसथांब्यावर देता आले नाही, ते येथे देतो. होय, वास एकच होता. तो पहिल्या दिवशी आम्हाला आवडला होता आणि गुरुवारीही आवडत होता. त्या दिवशी आम्ही मान डोलावली ती खोटी. हा अंक कचेरीत आला, की तो आम्ही त्याच्या मेजावर ठेवणार आहोत, विभागाधिकारी आणि ते अरण्य पाहिलेले गृहस्थ बसलेले असताना.