कार्बाइडचा वायू आणि फादर न्यूलंड



आपल्यापैकी जे वयोवृद्ध आहेत, त्यांना जत्रेतले व रात्रीच्या मिरवणुकीतले कार्बाइडचे दिवे खचित आठवत असतील. डब्यात करड्या रंगाचे खडे, त्यांवर थेंब थेंब पडणारे पाणी, लसणीसारखा उग्र दर्प आणि डोळे दिपविणारी पांढरी ज्योत! त्या जळणाऱ्या वायूस ॲसिटिलीन म्हणतात. (त्याच खड्यांनी आंबे-केळी पिकविण्याची जी खोड काही व्यापाऱ्यांस जडली आहे, तिला कायद्याने बंदी आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.) या एका वायूच्या अभ्यासात एका धर्मगुरूने आपल्या आयुष्याची तीस वर्षे वेचली. त्यांचे नाव फादर ज्युलियस न्यूलंड. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि १९२० ते १९२३ या काळात तेथील विज्ञान महाविद्यालयाचे अधिष्ठाताही.

त्यांचा जन्म १८७८ साली बेल्जममधील हान्सबेके या खेड्यात झाला. मूल दोन वर्षांचे असता आईबाप पोटासाठी समुद्र ओलांडून इंडियाना राज्यातील साउथ बेंड या गावी जाऊन राहिले. नोत्र दाम तेथून जवळच. तेथेच १८९९ साली ते पदवीधर झाले, होली क्रॉस संघात राहून १९०३ साली त्यांनी याजकदीक्षा घेतली, आणि पुढल्याच वर्षी वॉशिंग्टनच्या कॅथॉलिक विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही पदवी दिली. नंतर चौदा वर्षे मात्र त्यांनी शिकविले ते वनस्पतिशास्त्र! १९०९ साली त्यांनी निसर्गाभ्यासाचे एक नियतकालिक सुरू केले, ते आजही निघते. उंच झाडाची डहाळी हाती येईना, तर ते पिस्तुलाची गोळी झाडून ती खाली पाडीत, अशी त्यांची आठवण सांगतात. झग्यातल्या पाद्रीबाबांच्या हाती पिस्तूल पाहून वाटेच्या शेतकऱ्यास काय वाटले असेल, हे वाचकांनीच ताडावे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही लेखणी उचलली, तिच्याकडे वळू. पदवीच्या प्रबंधासाठी काम करीत असता त्यांनी ॲसिटिलीनचा संयोग सोमलाच्या एका क्षाराशी घडवून आणला. त्यातून जे द्रव्य निपजले, ते इतके विषारी होते की, तरुण फादरांस काही दिवस रुग्णालयात काढावे लागले. ते काम त्यांनी तेथेच सोडले; परंतु घडले ते प्रबंधात प्रामाणिकपणे लिहून ठेवले. चौदा वर्षांनी, १९१८ साली, महायुद्ध चालू असता त्याच कॅथॉलिक विद्यापीठात लष्करासाठी विषारी वायू शोधणारे विन्फर्ड ली लुईस यांच्या हाती तो प्रबंध आला. त्यांनी तेच द्रव्य शस्त्र म्हणून सिद्ध केले. जगाने त्यास 'लुइसाइट' हे नाव दिले. कारखान्यात ते तयार होऊ लागले होते, इतक्यात ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले, आणि त्या युद्धात ते कोणावर पडले नाही.

कोणी म्हणेल, लिहिलेच नसते तर? आम्हांस हे म्हणणे पटत नाही. जी वस्तू एकास आजारी पाडते, ती दुसऱ्यास कळलीच पाहिजे. नाहीतर पुढचा विद्यार्थी तिच्यापायी प्राणास मुकेल. परंतु हेही खरे की, धोक्याची पाटी एखाद्यास वाटाड्याही होते. लिहिणाऱ्याचा हात त्यावर पोहोचत नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्ड येथे लुइसाइटवर उतारा शोधला गेला. तो सोमलाच्या विषबाधेवरही लागू पडला, आणि १९५१ पासून शरीरात तांबे साठून होणाऱ्या विल्सनच्या आजारावरही दिला गेला. शस्त्राच्या भयाने शोधलेले औषध, ज्यांनी त्या शस्त्राचे नावही ऐकले नव्हते अशा रोग्यांच्या कामी आले.

फादर न्यूलंड मात्र आपल्या वायूपाशीच होते. १९०६ साली तांब्याच्या क्षाराच्या द्रावणातून ॲसिटिलीन सोडताना त्यांना एक निराळाच वास आला. वास कशाचा, हे ओळखण्यास १९२० साल उजाडले! मध्यंतरी वर्ग, परीक्षा, मिस्सा, झाडेझुडपे, सर्व चालूच होते. १९२५ साली रॉचेस्टर येथे त्यांनी या विषयावर व्याख्यान दिले. श्रोत्यांत ड्यू पाँट कंपनीचे डॉ. बोल्टन होते, त्यांनी त्याचे मोल तत्काळ ओळखले. कंपनीच्या रसायनज्ञांनी फादरांच्या शोधावर पुढे काम केले, आणि १९३१ साली कृत्रिम रबर जगापुढे आले. आज त्यास निओप्रीन म्हणतात. साधे रबर तेल लागले की फुगून निकामी होते. निओप्रीन पुष्कळ टिकते. म्हणून तेलाच्या नळ्या, यंत्रांचे पट्टे, विजेच्या तारांची वेष्टने यांसाठी ते वापरतात.

या शोधाचा पैसा फार आला. परंतु फादरांनी दारिद्र्याचे व्रत घेतले होते. तो त्यांच्या संघास व विद्यापीठास मिळाला.

११ जून १९३६ रोजी ते वॉशिंग्टनला आपल्या जुन्या कॅथॉलिक विद्यापीठाच्या प्रयोगशाळेस भेट देण्यास गेले असता हृदयक्रिया बंद पडून तेथेच त्यांचे देहावसान झाले. वय अठ्ठावन्न. नोत्र दाम येथील होली क्रॉस संघाच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती दिली आहे. तेथे सर्वांच्या डोईशी सारखेच साधे क्रूस आहेत.